तिसरा मजला, लिफ्ट नाही: किनाऱ्यावरच्या एका जुन्या फ्लॅटच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर वांद्र्यापासून मढपर्यंत जी लहान उपनगरे आहेत, त्यांपैकी एकात हे प्रकरण घडले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन, मध्ये जुने गावठाण व कोळीवाडा, आणि या सगळ्याला शहराशी जोडणारा एकच मुख्य रस्ता, अशी तिथली रचना आहे. समुद्र मागे हटत नाही, कांदळवनाला हात लावता येत नाही आणि गावठाणातली घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबांकडे आहेत. त्यामुळे विक्रीला येणारी घरे मुख्यतः १९७० ते १९९० या काळात उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली सहकारी गृहनिर्माण संस्थांमधलीच असतात. ती वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात आणि त्यांतली बरीचशी पाटी लागण्यापूर्वीच ओळखीत जातात.

खरेदीदार दांपत्य या उपनगरात सात वर्षे भाड्याने राहत होते. दोघेही नोकरी करणारे, मुलगी सहावीत, आणि पत्नीची आई त्यांच्याजवळ राहायला. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहताना त्यांना दोनदा घर बदलावे लागले होते आणि तिसऱ्यांदा बदलण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी याच परिसरात स्वतःचे घर घ्यायचे ठरवले. हाताशी ७८ लाख रुपये होते, त्यांत गावाकडच्या जमिनीचा वाटा विकून आलेली रक्कम धरलेली होती. बाकीचे कर्ज काढायचे होते.

कागदपत्रांची छाननी आणि पुढची बोलणी यांत सल्लागार म्हणून माझा सहभाग होता. ओळख पटेल असे तपशील त्या कुटुंबाच्या संमतीने बदलले आहेत आणि रकमा ढोबळ आकड्यांत दिल्या आहेत.

समोर आलेला फ्लॅट

इमारत १९८२ची, तळमजला अधिक चार मजले, एकूण २० फ्लॅट, लिफ्ट नाही. विक्रीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, प्रत्यक्ष वापरण्याजोगे क्षेत्र ५८५ चौरस फूट. जुन्या करारात मात्र बिल्टअप म्हणून ७२० चौरस फूट लिहिलेले. बाल्कनीतून समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीत समुद्राची एक उभी पट्टी दिसायची. किंमत सांगितली होती १ कोटी ९५ लाख.

एजंटाने या किमतीचे समर्थन दोन गोष्टींवर केले. एक म्हणजे ही पट्टी. दुसरी, आणि जास्त वजनाची, म्हणजे पुनर्विकास. एका बिल्डरचे लोक जागा मोजून गेले आहेत, दोन वर्षांत काम सुरू होईल आणि सभासदांना ३५ टक्के जास्त जागा मिळेल, असे त्याने सांगितले. दुसरी पार्टी रविवारी येणार आहे, हेही सांगून झाले. शुक्रवारी रात्री पतीने टोकन म्हणून ५१ हजार रुपये यूपीआयने पाठवले. पावती म्हणून हाती राहिला तो एजंटाचा व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश: ‘टोकन मिळाले, फ्लॅट तुमचाच समजा.’ पैसे कोणत्या अटीवर दिले, व्यवहार मोडला तर ते परत मिळणार की नाही, ते मालकाने स्वीकारले की एजंटाने, यांतले काहीही लिहिलेले नव्हते. रक्कम लहान होती, तरी पुढच्या चार आठवड्यांतली सगळी बोलणी ‘आता टोकन दिले आहे’ या भावनेच्या ओझ्याखाली झाली. ते दोघे माझ्याकडे आले ते त्यानंतर.

अडचण: तीन पदर

पहिला पदर मालकीचा. फ्लॅट मूळ सभासदाच्या नावे होता आणि त्यांचे २०१३ मध्ये निधन झाले होते. त्यांनी थोरल्या मुलीचे नामनिर्देशन केलेले असल्याने संस्थेने भाग प्रमाणपत्र तिच्या नावे केले होते, आणि त्यामुळे ती स्वतःला एकटी मालकीण मानत होती. हा समज इतका सर्रास आढळतो की त्यावर थोडे थांबून लिहिणे भाग आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच आहे की नामनिर्देशित व्यक्तीला संस्था वारस ठरेपर्यंत तात्पुरती सभासद म्हणून स्वीकारते. नामनिर्देशनामुळे संस्थेला कोणाशी व्यवहार करायचा हे कळते, वारसांचा हिस्सा त्याने संपत नाही. येथे आणखी दोन भावंडे होती, एक पुण्यात आणि एक कॅनडात. आईचे निधन वडिलांच्या आधीच झालेले होते आणि मृत्युपत्र नव्हते. म्हणजे तिघांचा समान हिस्सा, आणि विक्रीचा करार तिघांनी करणे किंवा दोघांनी आधी थोरलीच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे आवश्यक होते.

दुसरा पदर इमारतीच्या शरीराचा. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे संरचनात्मक परीक्षण करून घेणे संस्थेवर बंधनकारक होते, आणि ते २०१९ मध्ये झालेही होते. अहवालाने इमारत सी-२ बी वर्गात टाकली होती, म्हणजे रहिवाशांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करायला हवी. संस्थेने त्यानंतर केले ते एवढेच की बाहेरून गिलावा आणि रंग. किनाऱ्यावर हा प्रकार विशेष फसवा ठरतो. खारे वारे आणि तुषार यांतून क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरते, आतल्या सळयांवरचे संरक्षक आवरण मोडते, सळई गंजू लागते, आणि गंज मूळ पोलादाहून कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटते. रंगाचा नवा थर हे सगळे दोन पावसाळे झाकून ठेवतो. त्यात जुन्या इमारतींची एक अडचण आहे. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६ हे १९७८ सालच्या आवृत्तीत स्लॅबच्या सळयांवर किमान १५ मिलीमीटर आच्छादन पुरेसे मानत होते. २००० सालच्या आवृत्तीत किनारी वातावरणाला ‘तीव्र’ वर्गात धरून ते ४५ मिलीमीटरवर नेले. १९८२च्या स्लॅबमध्ये सळई आणि खारी हवा यांच्यात बोटभरही अंतर नसते ते याच कारणाने.

तिसरा पदर पुनर्विकासाचा, म्हणजे ज्याच्या बळावर किंमत उभी होती त्याचाच. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे, कारण निर्णय खरा तिथेच फिरला.

पुनर्विकासाचे गणित

किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. तिची जागा आधी २०११च्या आणि मग १८ जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने घेतली. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमनाखाली येतो, आणि आधीच बांधकाम झालेला शहरी भाग त्यात सीआरझेड-२ मध्ये मोडतो. २०१९च्या अधिसूचनेने या भागात तिच्या प्रसिद्धीच्या तारखेला स्थानिक नियमावलीत जो एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) लागू होता तो धरायला परवानगी दिली. मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली २०१८ मध्येच अमलात आलेली असल्याने, किनाऱ्यावरच्या इमारतींना वर्षानुवर्षे अडवणारी जुनी एफएसआयची मर्यादा बऱ्याच अंशी सुटली. एजंट हेच सांगत होता आणि तो खोटे बोलत नव्हता.

त्याने जे सांगितले नाही ते रस्त्याबद्दल होते. त्याच २०१८च्या नियमावलीत उपनगरांतल्या भूखंडाला मूळ एफएसआयवर किती अतिरिक्त एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या भूखंडावरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर हा वाढीव लाभ मिळत नाही. इमारतीपुढची गल्ली मोजून साडेसात मीटर भरली. गल्लीच्या एका कडेला गावठाणाची हद्द असल्याने ती रुंद होण्याची चिन्हेही नव्हती. विकास आराखड्याच्या अभिप्रायात तसा प्रस्ताव नव्हता. जुन्या संस्थांच्या पुनर्विकासासाठी नियमावलीत थोडा प्रोत्साहनपर एफएसआय आहे, पण एका वास्तुविशारदाने कागदावर मांडलेल्या हिशोबानुसार तो धरूनही बिल्डरला विकण्यासाठी इतकी कमी जागा उरत होती की सभासदांना ३५ टक्के वाढीव क्षेत्र देऊन काम परवडण्याची शक्यता दिसत नव्हती. ‘बिल्डरचे लोक मोजून गेले’ हे खरे होते. मोजून गेल्यावर ते परत आले नव्हते, हे संस्थेच्या सचिवांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितले.

याखेरीज जमीन संस्थेच्या नावावर नव्हती. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम १९६३चा आहे आणि त्यानुसार संस्थेला जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे नोंदणीकृत हस्तांतरण, करून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. ते न केल्यास संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो, ही तरतूद २००८च्या दुरुस्तीने आली. या संस्थेची मिळकत पत्रिका आजही मूळ जमीनमालकाच्या नावे होती, बिल्डरची भागीदारी संस्था कधीच विसर्जित झाली होती, आणि अर्जासाठी लागणारा खर्च कोणी किती सोसायचा यावर सभासदांचे एकमत न झाल्याने पंधरा वर्षे अर्ज पडून होता. पडून म्हणजे लिहिलेलाच नव्हता.

ही सगळी माहिती सार्वजनिक नोंदींत किंवा संस्थेच्या दप्तरात होती, गुप्त काहीच नव्हते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहण्याची सवय आपल्याकडे जमीन घेताना असते. फ्लॅट घेताना आपण टाइल्स आणि पाण्याची वेळ पाहतो.

विचारात घेतलेले पर्याय

चार पर्याय टेबलावर होते. सांगितलेल्या किमतीला फ्लॅट घेऊन पुनर्विकासाची वाट पाहणे हा पहिला. वरचे गणित मांडल्यावर तो जवळजवळ आपोआप बाद झाला, तरी पतीला तो सोडवत नव्हता. ‘सगळेच कधी ना कधी होते’ हे त्यांचे म्हणणे होते, आणि मुंबईत गेली तीस वर्षे ज्यांनी घरे घेतली त्यांच्या अनुभवाला ते धरूनच होते. पण या भूखंडाला पुरेसा रुंद रस्ता नव्हता.

दुसरा पर्याय पूर्वेकडे चार-पाच किलोमीटरवरच्या नव्या टॉवरमधला फ्लॅट. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, लिफ्ट, वाहनतळ, आणि बँकेला आवडणारी कागदपत्रे. त्याच पैशात तिथे क्षेत्र थोडे कमी मिळत होते. आईंनी एकदा तिथे जाऊन पाहिले आणि परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, ‘घर छान आहे गं, पण खाली उतरून जायचे कुठे?’ त्यांची रोजची संध्याकाळ किनाऱ्यावरच्या बाकावर चार मैत्रिणींसोबत जायची. हे वाक्य पुढे निर्णयात फार वजनदार ठरले. मात्र याच वाक्यात ‘खाली उतरून’ असेही शब्द होते, आणि त्यांच्याकडे त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही, मीही नाही.

तिसरा पर्याय भाड्याने राहत राहण्याचा. भाडे महिना ५८ हजार होते; १ कोटी २० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता १ लाख ४ हजारांच्या आसपास येत होता. निव्वळ महिन्याच्या हिशोबात भाडे स्वस्त होते, आणि हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्यांचे उत्तर होते की मुलीची शाळा चालू असताना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सामान बांधण्याची किंमत या हिशोबात धरलेली नाही. ते बरोबर होते.

चौथा पर्याय हाच फ्लॅट घेण्याचा, पण वेगळ्या नजरेने: पुनर्विकास होणारच नाही असे धरून, पुढची पंधरा-वीस वर्षे राहण्याचे घर म्हणून त्याची किंमत काय, ती काढायची आणि तेवढ्यालाच घ्यायचा, नाही जमले तर सोडायचा.

उचललेली पावले

सर्वप्रथम यूपीआयच्या ५१ हजारांचा प्रश्न निकाली काढला. तिन्ही भावंडांच्या सहीची रीतसर विसारपावती होईपर्यंत एक रुपयाही आणखी दिला जाणार नाही, असे एजंटाला लेखी कळवले. तो चिडला, रविवारच्या पार्टीची पुन्हा आठवण झाली, पण ती पार्टी काही आली नाही. तीन आठवड्यांनी झालेल्या विसारपावतीत ते ५१ हजार धरून ५ लाखांचा विसार ठरला, आणि नव्वद दिवसांत वारसांचे कागद पूर्ण न झाल्यास तो पूर्ण परत, अशी अट घातली.

तोवर पावसाळा लागला होता. व्यवहार पावसाळ्यात लांबला हे खरेदीदारांच्या पथ्यावर पडले. मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. त्यांतला एक दिवस पाहून, मुसळधार पावसात, ते दोघे इमारतीत गेले. गल्लीत पोटरीभर पाणी होते, कारण भरतीच्या वेळी पर्जन्यवाहिन्यांतले पाणी समुद्रात जायला वाव राहत नाही. वीज मीटरची खोली एका पायरीच्या उंचीवर होती, आणि त्या पायरीला पाणी टेकले होते. फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीवर, नव्या रंगाखालून, ओलीचा एक मोठा डाग वर आला होता. मार्चमध्ये हीच भिंत कोरडी आणि पांढरीशुभ्र होती.

संस्थेची कागदपत्रे मिळवण्यात एक बारकावा होता. खरेदीदार सभासद नसल्याने त्यांना दप्तर पाहण्याचा हक्क नव्हता. तो विक्रेत्या सभासदाला होता. म्हणून थोरल्या बहिणीच्या सहीने अर्ज करून तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि २०१९च्या परीक्षणाचा अहवाल परिशिष्टांसह मागवला. सचिव म्हणजे सत्तरी ओलांडलेले, इमारतीत पहिल्या दिवसापासून राहणारे गृहस्थ. पत्नी त्यांना ‘काका’ म्हणत भेटायला गेली आणि दोन तास बसून आली. अहवालाच्या परिशिष्टात अर्धघट विभव चाचणीची, म्हणजे सळई गंजत आहे का हे विद्युत विभवावरून ताडणाऱ्या चाचणीची, आकडेवारी होती. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेले तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या भागातल्या) सहा खांबांपैकी चार खांबांवर, आणि गच्चीच्या स्लॅबवर जवळजवळ सर्वत्र, वाचने त्या रेषेच्या खाली होती. दुरुस्तीचा अंदाज ९६ लाख, संस्थेच्या दुरुस्ती निधीत शिल्लक १४ लाख. उरलेले ८२ लाख वीस फ्लॅटमध्ये वाटले की प्रत्येकी ४ लाख १० हजार. हा आकडा एजंटाच्या माहितीपत्रकात नव्हता, पण तो फ्लॅटच्या किमतीचाच भाग होता.

वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला आणि एका मराठी व एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस दिली. नोटिशीला एकच हरकत आली, आणि ती फ्लॅटवर नव्हे तर गाडीच्या जागेवर होती. स्टिल्टमधली जी जागा विक्रेते ‘आमची’ म्हणून वेगळ्या ८ लाखांना देऊ करत होते, तिच्यावर पहिल्या मजल्यावरच्या सभासदाचाही दावा होता. स्टिल्टमधली जागा ही इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलेले आहे. जी वस्तू मूळ मालकाला विकत मिळालीच नव्हती, ती त्याचे वारस पुढे विकू शकत नव्हते. आठ लाख तिथेच गळाले.

कॅनडातल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र हे सगळ्यांत वेळखाऊ काम ठरले. ते तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यायचे, आणि मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. पहिला मसुदा फक्त ‘फ्लॅटची व्यवस्था पाहणे’ एवढाच अधिकार देणारा निघाला. विक्री, स्वाक्षरी, नोंदणी आणि रकमेची पावती हे शब्द त्यात नव्हते, म्हणून तो परत पाठवावा लागला. नऊ आठवडे गेले.

बँकेनेही एक काडी घातली. तांत्रिक मूल्यांकन करणाऱ्याने इमारतीचे उर्वरित आयुष्य मर्यादित धरल्याने कर्जाची मुदत वीसऐवजी पंधरा वर्षे झाली, आणि १ कोटी २० लाखांचा हप्ता १ लाख १८ हजारांवर गेला. पतीला तेव्हा हा अन्याय वाटला. मला वाटते, या प्रकरणात इमारतीकडे सगळ्यांत थंड डोक्याने पाहणारा माणूस तोच मूल्यांकनकार होता.

किंमत आणि करार

विक्रेत्यांपुढे मांडलेला हिशोब साधा होता. आजूबाजूच्या संस्थांमध्ये, अभिहस्तांतरण झालेल्या आणि दुरुस्ती केलेल्या इमारतींमधल्या फ्लॅटच्या नोंदणीकृत किमती सूची क्रमांक दोनवरून (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या ‘इंडेक्स टू’वरून) काढल्या, त्या प्रत्यक्ष क्षेत्रावर बसवल्या, त्यातून येऊ घातलेली दुरुस्तीची वर्गणी आणि लिफ्ट नसल्याचा फरक वजा केला. पुनर्विकासाचे शून्य रुपये धरले. आकडा आला १ कोटी ६८ लाख. थोरल्या बहिणीला तो अपमान वाटला. पुण्याच्या भावाला मात्र पैशाची गरज होती, आणि दहा वर्षे बंद असलेल्या फ्लॅटचे देखभाल शुल्क कोण भरते यावरून त्यांच्यात आधीच धुसफूस होती. एका महिन्याने १ कोटी ७२ लाखांवर सौदा ठरला.

वरच्या खर्चाचा हिशोब खरेदीदारांना आधीच दिला होता, तरी तो अंगावर आलाच. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांनी १० लाख ३२ हजार, नोंदणी फी कमाल मर्यादेप्रमाणे ३० हजार, दलाली, वकील, आणि संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने ‘इमारत निधी’ म्हणून आणखी दीड लाखांची अपेक्षा बोलून दाखवली होती. महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर घेता येत नाही, असा शासनाचा २००१चा आदेश त्यांना दाखवल्यावर विषय संपला. भारतातल्या दोन्ही विक्रेत्यांच्या हिश्शांतून एक टक्का टीडीएस कापून तो त्यांच्या नावे भरला; कॅनडातल्या भावाच्या हिश्शावर अनिवासींना लागू असलेल्या, याहून बऱ्याच जास्त दराने तो कापला.

फ्लॅट एकट्या पत्नीच्या नावे घेतला असता तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे १ लाख ७२ हजार, वाचले असते. दोघांनी विचारपूर्वक तो दोघांच्या नावे घेतला. वारसांच्या कागदांमागे तीन महिने धावल्यानंतर ‘पुढच्यांना त्रास नको’ ही भावना त्यांच्या मनात पक्की झाली होती. संयुक्त नावाने तो त्रास खरोखर टळतोच असे नाही, त्यासाठी मृत्युपत्र हवे. ते त्यांनी पुढच्या वर्षी केले.

काय झाले

ताबा मिळून आता अडीच वर्षे झाली. पुनर्विकासाची चर्चा बंद आहे. पत्नी राहायला आल्यावर सहा महिन्यांत कार्यकारिणीवर गेली आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज अखेर दाखल झाला. आदेश चौदा महिन्यांनी मिळाला. खांबांची आणि गच्चीची दुरुस्ती झाली. प्रत्यक्ष फोडायला घेतल्यावर दोन तुळयांच्या सळया अंदाजापेक्षा जास्त खाल्लेल्या निघाल्या, त्यामुळे वर्गणी ४ लाख १० हजारांऐवजी ५ लाख ६० हजारांवर गेली. त्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवलेली होती, पण ती इतकीही नव्हती; घराच्या आतले काम वर्षभर पुढे ढकलावे लागले. एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटची जाळी दुसऱ्या वर्षीच खारटपणाने गेली. खिडक्या लोखंडी होत्या, त्या काढून अॅल्युमिनियमच्या बसवल्या.

मुलगी त्याच शाळेत आहे. भाड्याच्या घरांतली अनिश्चितता संपली, आणि या एका गोष्टीबद्दल चौघांपैकी कोणाच्याही मनात शंका नाही.

वेगळे काय करता आले असते

टोकनचे पैसे शुक्रवारी रात्री द्यायला नको होते, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संरचनेची चाचणी स्वतःच्या अभियंत्याकडून करून घ्यायला हवी होती. आम्ही २०१९च्या अहवालातल्या आकड्यांवर विसंबलो. मधल्या चार पावसाळ्यांत गंज किती पुढे गेला असेल याचा अंदाज धरला नाही. तुळयांचा वाढीव खर्च त्यातूनच आला. विक्रेत्यांच्या परवानगीने चार-पाच ठिकाणी नव्याने वाचने घेतली असती, तर खर्च हजारांत झाला असता आणि बोलणी लाखांत बदलली असती.

वारसांबाबत एक क्रम चुकला. थोरल्या बहिणीशी किमतीची बोलणी सुरू झाल्यानंतर बाकी दोघांचा विषय निघाला, त्यामुळे तिला तो स्वतःवरचा अविश्वास वाटला. पहिल्याच भेटीत ‘मूळ सभासद कोण, त्यांच्या पश्चात कोण कोण’ एवढे विचारले असते तर तो कटूपणा टळला असता.

आणि जिना. चारही पर्यायांच्या तुलनेत लिफ्ट नसल्याचा फरक आम्ही किमतीत रुपयांनी मोजला आणि पुढे गेलो. आईंच्या गुडघ्यांचा त्रास तेव्हाही होता, त्या हळूहळू का होईना चढत होत्या, आणि कोणी विचारले तर ‘होते मला’ म्हणत होत्या. मागच्या हिवाळ्यापासून त्या आठवड्यातून एकदाच खाली उतरतात. ज्या बाकासाठी नवा टॉवर नाकारला, त्या बाकावर त्या फारशा जात नाहीत; मैत्रिणीच अधूनमधून वर येतात. घर निवडताना त्यांना आणि आम्हा सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: आज नव्हे, पाच वर्षांनी दिवसातून दोनदा हे ५४ पायऱ्यांचे अंतर जमेल का? तो विचारला असता तर कदाचित याच उपनगरात तळमजल्यावरचा किंवा पहिल्या मजल्यावरचा, समुद्र न दिसणारा फ्लॅट शोधला असता. तसे दोन फ्लॅट त्या वर्षी विक्रीला आले होते. मात्र तळमजला म्हटला की गल्लीतले पोटरीभर पाणीही हिशोबात धरावे लागते, म्हणून त्यातही उत्तर सरळ निघाले असते असे मी म्हणणार नाही.

जिन्याशेजारच्या मोकळ्या कोपऱ्यात बाहेरून लिफ्ट बसवता येईल, असे दुरुस्तीच्या अभियंत्याने सुचवले आहे. तळमजल्यावरच्या दोन सभासदांचा खर्चाला विरोध आहे, चौथ्या मजल्यावरचे चौघेही बाजूने आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सातव्या क्रमांकावर आहे, आणि सभा स्टिल्टमध्ये ठेवली आहे. आईंनी त्या दिवशी खाली उतरायचे ठरवले आहे.